तोंडं एकीकडे

१

गल्लीतली माणसं तिला उंदीरबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. घरी आई तिला लहानपणापासून मनी म्हणायची. मांजराचं नाव मिरवणाऱ्या पोरीने मोठं होऊन उंदरांवर पोट भरावं, याची आईला अजूनही मजा वाटायची.

काम तसं साधं होतं, पण ते लोकांना पटवून देताना नाकी नऊ येत. संध्याकाळी गटारांच्या कडेला आणि दुकानांच्या मागे पिंजरे लावायचे, सकाळी उचलून प्रयोगशाळेत आणायचे. प्रत्येक उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचं, कानात पत्र्याचा बारीक बिल्ला टोचायचा आणि दुपारी त्याला जिथून आणला तिथेच सोडून द्यायचा. अधूनमधून त्याच गल्लीतल्या माणसांच्या बोटातूनही एकेक थेंब घ्यायचा. उंदरांमधला कुठला विषाणू माणसांत उतरतोय, यावर नजर ठेवायची, एवढंच. बाकी सगळं लोक ऐकून घेत, पण उंदीर सोडायचा हे मात्र कुणाच्या गळी उतरत नसे.

"सोडायचेच तर पकडता कशाला?"

"अहो, मारून टाकला तर पुढच्या खेपेला तोच उंदीर तपासायचा कसा?"

"म्हणजे उंदीर तुम्ही पाळायचे आणि ठेवायचे आमच्या घरात!"

अशा वेळी गाडीचा ड्रायव्हर मध्ये पडायचा. त्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता, पण टोपी तशी घालायचा आणि रुबाबही तसाच. तो म्हणायचा, "काका, तुम्ही पाळत नाही का जावई? तेही खाऊन पिऊन परत जातात." भांडण हसण्यावारी जायचं आणि पिंजरे गाडीत चढायचे.

पिंजऱ्यांवर काळं कापड टाकायची पद्धत होती. अंधारात उंदीर गप्प बसतात, जाळीवर धडका मारून नाक सोलून घेत नाहीत. प्रयोगशाळेत आल्यावर ती कापड काढायची, आणि मग जो तो आपापल्या तऱ्हेने सुरू व्हायचा. कुणी तार चावायचा, कुणी छताला लटकायचा, कुणी कोपऱ्यात अंग चोरून बसायचा.

त्या सकाळी कापड काढलं तेव्हा काही उंदीर नेहमीसारखेच धिंगाणा घालत होते. पण बरेचसे शांत बसले होते. सगळ्यांची तोंडं एका दिशेला, नाकं जाळीला टेकलेली. ती बघत राहिली. ते जिकडे बघत होते तिकडे कोपऱ्यात फ्रिज होता.

"कप्तान, फ्रिजमध्ये डबा ठेवलात का?"

"त्या फ्रिजमध्ये? मॅडम, मला अजून जगायचंय."

तिने उघडून पाहिलं. आत रक्ताच्या कुप्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

२

तपासायची रीत अशी होती. रक्ताचा अंश प्लेटवरच्या एका चिमुकल्या वाटीत घालायचा. रक्ताने तो विषाणू पाहिलेला असेल तर वाटी निळी होते, नसेल तर पाण्यासारखी राहते. यंदा ज्याच्या मागावर ते होते त्याला धड नावही मिळालं नव्हतं, नुसता नंबर होता. त्याने कुणी आजारी पडलं नव्हतं, उंदीर नाही की माणूस नाही. तो अंगात शिरायचा आणि काहीच करायचा नाही. वरिष्ठांना त्यामुळे त्यात फारसा रस नव्हता.

संध्याकाळी वाट्या निळ्या झाल्या तेव्हा तिने ताडून पाहिलं. जे तोंड फिरवून बसले होते, नेमक्या त्यांच्याच वाट्या निळ्या होत्या.

मग तिला त्याचा नादच लागला. ती शांत बसलेल्या उंदराचा पिंजरा हळूच फिरवायची. आधी उंदीर पिंजऱ्याबरोबर फिरायचा. मग घाई न करता उठायचा, वळायचा आणि पुन्हा त्याच दिशेला नाक लावून बसायचा. तिने फ्रिज बंद करून पाहिला. खिडक्या लावल्या, पिंजरे दुसऱ्या खोलीत नेले. वास असेल, आवाज असेल, भिंतीत एखादी तार असेल, असं ती एकेक कारण काढायची आणि एकेक खोटं ठरायचं. खोली कुठलीही असो, दिशा तीच.

गाडीतही ते चालू होतं, हे आधी कप्तानच्या लक्षात आलं. "मॅडम, वळण घेतलं की मागे सगळे सरकतात. ऐका." काळ्या कापडाखाली खसखस झाली. "ब्रेक मारला की आपण नाही का पुढे जात? तसंच ते."

तिने मान हलवली. पण तिने नीट कान दिला होता. आवाज वळण घेताना येत नव्हता. वळण संपून गाडी सरळ झाली की मग येत होता. सगळे एकदम सावरून बसत होते.

तिने साहेबांना फोन केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उंदीर कुठे बघतात हे आपल्या कामात बसत नाही हो. निळ्या किती, तेवढं कळवा."

३

माणसांचे थेंब घ्यायला ती गल्लीत गेली तेव्हा सुरुवात नेहमीप्रमाणे शिंप्याच्या घरापासून केली. नवरा-बायको दोघंही गप्पिष्ट. तिथे बसलं की पुढची घरं राहून जायची.

शिवणयंत्र नेहमी खिडकीशी असायचं. ते आता आतल्या भिंतीला लागलं होतं. शिंपी खिडकीकडे पाठ करून शिवत होता, आणि त्याची स्वतःचीच सावली सुईवर पडत होती.

"हे काय, उजेड मागून घेता?"

"इथं बरं वाटतं," शिंपी म्हणाला. मान वर केली, पण तिच्याकडे वळवली नाही. "या, बसा. बोट कुठलं देऊ? मधलं सोडून द्या, शिवताना त्यावर अंगुस्तानाची टोपी चढवावी लागते."

बायको ओट्यापाशी कांदा चिरत होती. ओटा एका बाजूला आणि ती दुसऱ्याच बाजूला तोंड करून, हात वाकडा करून चिरत होती. पाती बोटाच्या जवळून जात होती. "बाई, चहा टाकते हं," ती भिंतीला उद्देशून म्हणाली, अगदी मायेने.

तिने थेंब घेतले. चहा प्यायली, नाही म्हणायला जीभ वळली नाही. दोघं हसतखेळत होते. ताप नव्हता, डोकेदुखी नव्हती. शिंपी म्हणाला, की हल्ली झोप किती छान लागते.

"त्या भिंतीपलीकडे काय आहे हो?"

"काही नाही. बोळ आहे," शिंपी म्हणाला. मग जरा लाजून, "आता जवळ आलंय."

"काय जवळ आलंय?"

तो गोंधळला. आपण काय बोललो हे त्यालाच उमगलं नव्हतं. बायको हसली, "ह्यांचं असंच. कामात असले की काहीबाही बोलतात."

त्या दिवशी प्लेट लावली तेव्हा आणखी एक भानगड झाली. पहिलीच वाटी निळी आली.

पहिल्या वाटीत नेहमी आईचं रक्त असायचं. ताडून बघायला कुठलं तरी स्वच्छ रक्त लागतं, आणि ते घरचंच वापरायची त्या प्रयोगशाळेत चाल होती. आईचं आणि तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं, गल्लीपासून पार लांब. गुडघे गेल्यापासून आई घराबाहेर पडलेली नव्हती. तिच्याहून स्वच्छ रक्त कुठून आणणार? पहिली वाटी पाण्यासारखी राहिली की समजायचं, तपासणी ठीक आहे. ती निळी झाली की समजायचं, रसायन बिघडलं. तिने पुरवठादाराला फोनवर चार शब्द सुनावले आणि अख्खा खोका फेकून दिला. नवा माल यायला आठवडा गेला. त्यातही पहिली वाटी निळीच आली, म्हणून तिने तोही फेकून दिला. वाटीत कुणाचं रक्त आहे, हा विचारच तिच्या मनाला शिवला नाही.

४

पुढच्या खेपेला शिंप्याचं दार उघडं होतं. यंत्रात कापड तसंच अडकलेलं, सुई कापडात रुतलेली.

"गेले असतील कुठे," शेजारीण म्हणाली. मग दाराशी असलेल्या चपलांच्या दोन जोड्यांकडे तिचं लक्ष गेलं. ती म्हणाली, "अनवाणी गेले असतील."

भिंतीपलीकडच्या बोळात तिचे पिंजरे होते. दारं पडलेली, खटके बसलेले, खाऊला तोंड लागलेलं नव्हतं. आत उंदीर नव्हता. तिने पिंजरा उचलला तसं आत काहीतरी किणकिणलं. कानातला बिल्ला होता. तिने दुसरा पिंजरा हलवला, तिसरा हलवला. प्रत्येकात तेवढाच बिल्ला, स्वच्छ, रक्ताचा टिपूस नाही. दार बंद होतं, जाळी धड होती. बिल्ला कान फाटल्याशिवाय निघत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मात्र उंदीर सापडले होते. आता त्यांची तोंडं आधीच्या दिशेच्या उलट होती. ते शिंप्याच्या आतल्या भिंतीकडे बघत नव्हते, त्याच्या घराच्या पलीकडे, गल्लीबाहेर बघत होते. जे काही होतं ते इथून पुढे गेलं होतं.

तिने एक पिंजरा मांडीवर घेतला आणि कापड न टाकता कप्तानच्या शेजारी बसली.

"कुठे घेऊ?"

"हा बघेल तिकडे."

कप्तानने उंदराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, सुट्टी घ्या थोडी," एवढं म्हणून त्याने गाडी काढली. उंदीर डावीकडे बघत होता, म्हणून ते डावीकडे वळले. तो पुन्हा डावीकडे बघू लागला. ते पुन्हा वळले. असं करत त्यांनी घरांच्या एका अख्ख्या रांगेला फेरी मारली, आणि पूर्ण फेरीभर उंदराने नजर त्या रांगेवरून काढली नाही. छापखाना, दोन घरं, एक बंद गोदाम, यांच्या मध्येच कुठेतरी ते होतं. कप्तानने गाडी थांबवली. तिने खाली उतरून बघायचं ठरवलं होतं. ती पिंजरा मांडीवर धरून बसूनच राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा उंदीर छापखान्याकडे ढुंकूनही बघेना. फेरी दुसऱ्याच रांगेला पडली, आणखी थोडी पुढे. तिसऱ्या खेपेला त्याच्याही पुढे. ते रस्त्याने जात नव्हतं. घरं, कुंपणं, शाळेची भिंत, सगळ्यांतून सरळ चाललं होतं, आणि चालणाऱ्या माणसाहूनही हळू.

प्रयोगशाळेच्या गच्चीवर जाऊन तिने डोळ्यांनीच ती रेघ पुढे नेली. गल्ली, छापखाना, शाळा, पाण्याची टाकी. टाकीच्या मागे गुलाबी रंगाची इमारत होती. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत तिने स्वतःच वाळत टाकलेली निळी चादर दिसत होती.

आधी तिला हसू आलं. माझं रक्त स्वच्छ आहे, मी गेल्याच आठवड्यात तपासलंय, माझ्याकडे ते कशाला येईल? मग ती पहिली वाटी आठवली, आणि फेकलेले खोके आठवले, आणि ती जिन्याकडे धावली.

५

आईने खुर्ची हलवली होती. टीव्ही चालू होता आणि आई त्याच्याकडे कान करून बसली होती.

"आई, खुर्ची कुणी फिरवली?"

"मीच. दुसरं कोण येतंय इथे?"

"टीव्ही दिसत नाही तिथून."

"ऐकू येतो की. आणि बघण्यासारखं असतं काय त्यात? सगळ्याजणी रडत असतात."

मनी पुढे जाऊन तिच्या समोर उभी राहिली. आईने मान थोडी कलती केली, तिच्या कमरेच्या बाजूने पलीकडे पाहिलं. जसं कुणी खिडकीत आडवं आलं तर आपण करतो तसं.

"आई, माझ्याकडे बघ."

"बघते ना." आईने पाहिलं. डोळे तेच होते, मिश्कील, कडांना ओलसर. पण तिला ते अवघड जात होतं हे दिसत होतं, आणि थोड्याच वेळात ते पुन्हा भिंतीकडे गेले.

"काय आहे तिथे?"

"रंग गेलाय भिंतीचा. कितीदा सांगितलं तुला."

"आई!"

"ओरडू नकोस, मने." आई विचारात पडली. "कुणी येतंय असं वाटतं. ओळखीचं आहे गं. नाव अगदी ओठांवर आहे बघ."

"कधीपासून वाटतंय असं?"

"झाले बरेच दिवस. तू घरी येतेस तेव्हा मी नाही का दाराकडे बघत बसत? तसंच हे. बरं वाटतं."

मनीने तिचे हात धरले. सुरकुतलेले, ऊबदार. या घरात या एका बाईशिवाय तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी दार उघडल्यावर 'आली का उंदरांची मावशी' म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. शिंप्याच्या यंत्रात अडकलेलं कापड तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला रडू फुटलं, आणि डोळे पुसायलाही वेळ नाही असं वाटून तिने कप्तानला फोन लावला.

"गाडी घेऊन घरी या. पिंजरे काढून या. आईला न्यायचंय."

"दवाखान्यात?"

"लांब. जमेल तितकं लांब."

६

कप्तानने आणखी एकही प्रश्न विचारला नाही. दोघांनी मिळून आईला खुर्चीसकट चार मजले खाली आणलं. भर दुपार होती, जिन्यात लख्ख ऊन होतं. आईने विरोध केला नाही, फक्त हिरमुसली. "कुणी यायचं असताना घराला कुलूप लावून जातात का?" ती म्हणाली. "काय म्हणतील ते?"

"मावशी, चला, हवा खाऊन येऊ," कप्तान म्हणाला आणि त्याने गाडीचं मागचं दार उघडलं.

मागच्या लांब बाकावर आई एका टोकाला बसली, मनी तिला चिकटून. गाडी निघाली तशी आईने मान वळवली आणि मागच्या काचेतून बघू लागली. गुलाबी इमारत गेली, पाण्याची टाकी गेली. शहर संपलं, गोदामं संपली, रुंद सरळ रस्ता लागला. कप्तानने वेग वाढवला. दोन्ही बाजूंना उघडी जमीन होती, लपायला झुडूपसुद्धा नव्हतं.

आई मागेच बघत होती. मान अवघडली असेल म्हणून मनीने तिच्या खांद्यामागे शाल दुमडून ठेवली. आई जितकी मागे बघेल तितकं बरं, असं तिला वाटत होतं. मागे बघते आहे म्हणजे ते मागेच आहे. ते चालणाऱ्या माणसाहून हळू आहे. उद्या आणखी पुढे जाऊ, परवा आणखी. नोकरी गेली तर गेली. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला. छाती मोकळी झाली आणि तिला चक्क भूक लागली.

"कप्तान, पुढे कुठे चहा मिळाला तर थांबू."

"थांबू की," कप्तानही मोकळा झाला. "मावशींना काय आवडतं?"

मनी आईला विचारायला वळली. आई मागे बघत नव्हती. बाजूच्या काचेतून बघत होती, गाडीबरोबर धावणाऱ्या उघड्या जमिनीकडे, थोडं खाली, रस्त्याच्या कडेशी.

दमली असेल, मनीने मनाशी म्हटलं. मान दुखली असेल. ते हळू चालतं हे तिने स्वतः पाहिलं होतं, फेऱ्या मारून पाहिलं होतं. पण तिने पाहिलं होतं ते एवढंच, की त्याला तेव्हा घाई नव्हती.

"कप्तान, जोरात घ्या."

"वेगाचा काटा पार शेवटाला टेकलाय, मॅडम."

आईची मान वळतच होती. काचेवरून दारावर आली, दारावरून समोरच्या सीटच्या पाठीवर. मग आणखी आत आली. चेहरा इतका खुलला होता की तिचं वयच उतरल्यासारखं वाटत होतं. मनीने तिचे डोळे झाकायला हात वर केला, पण आईने तो हळूच बाजूला केला. आता ती मनीकडे वळली होती. मनीच्या चेहऱ्याकडे मात्र नाही. दोघींच्या मांड्या जिथे एकमेकींना चिकटल्या होत्या, त्याच्या जरा वर, हवेत, बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे.

मनीला तिथे काहीच दिसत नव्हतं. बाकाचं फाटकं रेक्झीन होतं, त्यावर ऊन होतं.

"मने," आई म्हणाली, घरी पाहुणे आल्यावर दबक्या आवाजात म्हणायची तसं, "सरक जरा. बसू दे त्यांना."

लहानपणापासून आईने सरक म्हटल्यावर ती कधी का म्हणून विचारत बसली नव्हती. आज विचारायला हवं होतं, हे तिला सुचलं तेव्हा ती खिडकीपर्यंत सरकली होती, आणि दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली होती.